दहा नंबर कुणासाठी खेळतो?

चि. सोनूस,


तुझा निरोप पोचला. कॉलेजच्या संघात तुला दहा नंबर मिळाला, यंदा प्रथमच पंधरा जणींच्या रग्बीत फ्लाय-हाफला उभं राहायचं आहे, आणि चांगला फ्लाय-हाफ कशाने होतो हे मामाने लिहून कळवावं, असं तुझं म्हणणं. सोबत फिन रसेलच्या एका पासचा व्हिडिओ पाठवून तू विचारलंस, ‘असं खेळायला शिकू, की विल्किन्सनसारखं?’ फोनवर उरकण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून कागद घेतला.

आधीच सांगून ठेवतो, मी कधीच दहा नंबर खेळलो नाही. मी फ्लँकर. मुंबईच्या पावसात, घोट्याएवढ्या चिखलात जी काही वर्षं खेळलो, त्यात माझं मुख्य काम एकच होतं. समोरच्या दहा नंबरवर धावून जायचं आणि त्याला विचाराला वेळ मिळू द्यायचा नाही. त्यामुळे कोणता दहा नंबर सोपा आणि कोणता अवघड, हे मी त्याच्या समोर उभा राहून शिकलो. तुला सांगणार आहे तेही त्याच बाजूने.

सोपा दहा नंबर लांबूनच ओळखू यायचा. टॅकलच्या धास्तीने तो रकपासून, म्हणजे पडलेल्या चेंडूवरच्या झटापटीपासून, फार मागे उभा राहायचा. चेंडू हातात आला की आला तसा पुढच्याला देऊन मोकळा व्हायचा. पास सुबक असायचा, बघणारे टाळ्याही वाजवायचे, पण आम्हाला त्याचा काही त्रास नसायचा. चेंडू त्याच्या हातातून सुटला की मी त्याला सोडून बाहेरच्या सेंटरकडे सरकायचो, माझ्या शेजारचा त्याच्या पलीकडच्याकडे. चेंडू चार हात फिरून टचच्या रेषेपाशी पोचेपर्यंत आम्ही तिथे हजर. चार सुंदर पास झालेले असायचे आणि संघ होता त्याहून मागे गेलेला असायचा.

अवघड दहा नंबर आमच्या अंगावर चालून यायचा. खांदे सरळ गोलपोस्टकडे, चेंडू दोन्ही हातांत छातीपुढे. तो पळणार, देणार की किक मारणार, काही कळू द्यायचा नाही. कळेपर्यंत मला जागचं हलता यायचं नाही, आणि मी अडकलो की त्याचं काम झालं. अगदी शेवटच्या क्षणी तो चेंडू सोडायचा. माझा टॅकल त्याला बसायचाच, तो खाली पडायचा, आणि मान वर करून पाहावं तर त्याच्यापासून दोन माणसं पलीकडे कुणीतरी मोकळं पळत असायचं.

माझ्या लेखी फ्लाय-हाफची सगळी पारख एवढ्यात आली. स्वतःच्या दोन माणसं पलीकडे असलेल्याला तो किती जागा आणि किती वेळ मिळवून देतो? हात, पाय, वेग, हिंमत हे सगळं त्या एका कामाच्या सेवेला आहे.

तू शाळेत खो-खो खेळलीस, म्हणून हे तुला लवकर कळेल. खो मिळालेल्या मुलीने एकदा दिशा घेतली की तिला मागे वळता येत नाही. हुशार धावणारी आधी पळत सुटत नाही, ती समोरचीचे खांदे वळायची वाट बघते. दहा नंबरचंही तसंच आहे. बचावपटूने आपला निर्णय घ्यावा आणि मग तू तुझा घ्यावास. रग्बीत बचावपटूला वळायला नियमाची बंदी नाही, पण वेगात असलेल्या सत्तर-ऐंशी किलोच्या शरीराला वळायला जो वेळ लागतो, तो तुला पुरे होतो.

आता एक साधी भूमिती. मैदान जास्तीत जास्त ७० मीटर रुंद. तू चेंडू घेऊन तिरपी पळू लागलीस, तर वाटतं की आपण बचावाला चकवतोय, पण प्रत्यक्षात बाहेरच्या आपल्याच मुलींची जागा तू खात असतेस. बचावफळी तुझ्याबरोबर सरकते आणि विंगर टचच्या रेषेत चिणली जाते. सरळ पळालीस तर निदान एक बचावपटू तुझ्यासमोर खिळते. दहा नंबरला पहिला धडा सरळ पळण्याचा देतात, तो यासाठी.

आजवर तू सेव्हन्स खेळत आलीस. आपल्याकडे बहुतेक मुली तेच खेळतात, आणि २०२५ मध्ये अंधेरीला झालेली लीगही सेव्हन्सचीच होती. पण एक फरक मनात पक्का कर. सेव्हन्समध्ये तेवढ्याच मैदानावर चौदा जण असतात, इथे तीस. तिथे जागा असते, ती शोधायची. इथे जागा नसते, ती करायची. सेव्हन्समध्ये बगल देऊन सुटणारी मुलगी इथे तशीच सुटायला गेली, तर पहिलीला चकवेल आणि दुसरीच्या हातात सापडेल. म्हणून पंधराच्या खेळात दहा नंबर हा एकट्याचा खेळ राहत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या मार्क एलाचे जुने सामने मिळाले तर बघ. सिडनीच्या ला पेरूजमध्ये वाढलेला हा आदिवासी खेळाडू बचावाच्या अगदी नाकासमोर उभा राहून चेंडू घ्यायचा. त्याहून शिकण्यासारखी त्याची दुसरी सवय. पास दिला की तो बघत उभा राहत नसे. ज्याला चेंडू दिला, त्याच्या मागून धावत जाऊन पुन्हा त्याच्या बाजूला हजर व्हायचा. एकाच चालीत त्याचे हात चेंडूला दोनदा, कधी तीनदा लागायचे. १९८४ च्या दौऱ्यात ऑस्ट्रेलियाने इंग्लंड, आयर्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड या चौघांनाही हरवलं, आणि चारही सामन्यांत एलाने एकेक ट्राय केला. त्यानंतर पंचविशीतच तो आंतरराष्ट्रीय खेळातून बाजूला झाला. त्याचे ते ट्राय बघताना लक्षात येतं की ते पळून मिळवलेले कमी आणि पास दिल्यानंतर न थांबल्यामुळे मिळालेले जास्त आहेत.

हे वाचून तुला वाटेल, मामाला फक्त हातांचा खेळ आवडतो. तसं नाही. आक्रमण म्हणजे पास आणि किक म्हणजे माघार, ही समजूत मनातून काढून टाक. त्यासाठी वेल्सची गोष्ट सांगतो.

दक्षिण वेल्समधलं केफ्नाइथिन हे कोळसाखाणींच्या मुलखातलं खेडं. तिथला कारविन जेम्स स्वतः फ्लाय-हाफ होता. पण त्याच काळात वेल्सकडे क्लिफ मॉर्गनसारखा खेळाडू असल्याने त्याच्या वाट्याला देशाकडून दोनच सामने आले. पुढे तो प्रशिक्षक झाला आणि १९७१ मध्ये ब्रिटिश लायन्स संघ घेऊन न्यूझीलंडला गेला. त्याचा दहा नंबर होता त्याच खेड्यातला बॅरी जॉन. डनीडनच्या पहिल्या कसोटीत बॅरी जॉनने न्यूझीलंडच्या फुलबॅकला, फर्गी मॅकॉर्मिकला, अक्षरशः मैदानभर पळवलं. त्याच्या किका मॅकॉर्मिकच्या हातात पडायच्या नाहीत. कधी डावीकडे चार पावलं पलीकडे, कधी उजवीकडे, कधी त्याच्या डोक्यावरून. लायन्स ९-३ ने जिंकले आणि मॅकॉर्मिक पुन्हा कधी कसोटी खेळला नाही. त्या मालिकेत लायन्सच्या ४८ गुणांपैकी ३० एकट्या बॅरी जॉनचे. न्यूझीलंडच्या भूमीवर लायन्सनी जिंकलेली ती आजवरची एकमेव मालिका आहे. वेल्समध्ये लोक त्याला ‘राजा’ म्हणू लागले. त्या कौतुकाचंच ओझं होऊन १९७२ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने खेळणं थांबवलं.

त्याची जागा घेतली फिल बेनेटने. २७ जानेवारी १९७३ रोजी कार्डिफला निमंत्रित खेळाडूंचा बार्बेरियन्स संघ न्यूझीलंडविरुद्ध खेळत होता. खेळ सुरू होऊन चारेक मिनिटं झालेली. न्यूझीलंडच्या विंगरने लांब किक मारली, चेंडू बेनेटच्याच गोलपोस्टच्या दिशेने गडगडत गेला. पाठमोरा पळत जाऊन त्याने तो उचलला. कुठल्याही पाठ्यपुस्तकाप्रमाणे तिथून एकच करायचं असतं, टचबाहेर किक. बेनेट वळला आणि धावून येणाऱ्यांना एकामागून एक बगल देत सुटला. मग चेंडू हातोहात पुढे गेला आणि गॅरेथ एडवर्ड्सने दुसऱ्या टोकाला डाव्या कोपऱ्यात झेप घेतली. रग्बीतला सर्वांत गाजलेला ट्राय म्हणून आजही तो दाखवतात. त्या सामन्याआधी बार्बेरियन्सच्या खेळाडूंशी बोलायला कारविन जेम्सलाच बोलावलं होतं. बेनेटला त्याने धीर दिला की आपल्या क्लबकडून खेळतोस तसाच इथे खेळ.

बघ, गुरू एकच. एका शिष्याला त्याने पायांनी खेळू दिलं, दुसऱ्याला पावलांनी. बॅरी जॉनसमोरच्या फुलबॅकची जागा चुकत होती, म्हणून किक हेच आक्रमण ठरलं. बेनेटसमोरचे सगळे जण आता किक येणार या खात्रीने वेडेवाकडे धावत आले होते, म्हणून पळणं हेच शहाणपण ठरलं. दोघांनीही आधी समोरचे कुठे आहेत ते पाहिलं आणि मग खेळाची तऱ्हा निवडली. ज्याची तऱ्हा सामन्याआधीच ठरलेली असते, त्याला फ्लँकर दहाव्या मिनिटाला ओळखतो.

किकबद्दल आणखी थोडं, कारण तुझ्या वयाच्या मुलींना ती कंटाळवाणी वाटते. २०२१ पासून एक नियम आला आहे. आपल्या अर्ध्यातून मारलेली किक टप्पा खाऊन प्रतिपक्षाच्या बावीसच्या रेषेआत टचबाहेर गेली, तर लाइनआउटचा चेंडू मारणाऱ्या संघालाच मिळतो. वरवर पाहता हे किकला दिलेलं बक्षीस आहे. पण त्याचा खरा परिणाम हातांच्या खेळावर झाला. त्या किकच्या भीतीने प्रतिपक्षाला एक विंगर मागे ठेवावा लागतो, म्हणजे पुढच्या फळीत एक माणूस कमी. तू पायाचा धाक दाखवलास तर हातांना जागा मिळते. म्हणून चेंडू हातात येण्याआधी मान वर करून दोन गोष्टी मोज. फळीत किती जणी आहेत, आणि मागे किती आहेत. पुढे गर्दी असेल तर मागे मोकळं असणारच. पंधरा जणींना सगळीकडे उभं राहता येत नाही.

२०२३ चा विश्वचषक या दृष्टीने पुन्हा बघण्यासारखा आहे. इंग्लंडचा टॉम करी अर्जेंटिनाविरुद्ध तिसऱ्याच मिनिटाला बाहेर गेला, त्याचं पिवळं कार्ड पुढे लाल झालं, आणि इंग्लंडला जवळजवळ सगळा सामना चौदा जणांनी खेळावा लागला. फ्लाय-हाफ जॉर्ज फोर्डने ओळखलं की एक माणूस कमी असताना पळापळ करण्यात अर्थ नाही. त्याने पहिल्या अर्ध्यातच तीन ड्रॉप गोल मारले, शिवाय सहा पेनल्टी, आणि इंग्लंडचे सगळेच्या सगळे २७ गुण एकट्याने केले. अर्जेंटिना दहावर थांबला. यात देखणं म्हणण्यासारखं फारसं काही नव्हतं, पण दहा नंबरचं डोकं बघायचं तर त्या स्पर्धेत याहून चांगला सामना नाही.

दक्षिण आफ्रिकेने त्याच स्पर्धेत दोन तऱ्हेचे दहा नंबर वापरले. मानी लिबोक म्हणजे कल्पकता. स्कॉटलंडविरुद्ध एका बाजूला बघत दुसऱ्या बाजूला त्याने अशी किक टाकली की विंगर कर्ट-ली अरेंडसेला ती अलगद मिळाली आणि ट्राय झाला. इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात मात्र पाऊस होता, चेंडू निसटत होता. प्रशिक्षकांनी अर्ध्या तासातच लिबोकला बाहेर घेतलं आणि हँड्रे पोलार्डला आत पाठवलं. हा पोलार्ड दुखापतीमुळे मूळ संघातही नव्हता. शेवटच्या मिनिटांत त्याने लांबून पेनल्टी मारली, संघ १६-१५ ने जिंकला. अंतिम सामना १२-११, आणि ते बाराही गुण पोलार्डच्या चार पेनल्टींचे. लोक यावरून ‘लिबोक की पोलार्ड’ असा वाद घालतात. मी म्हणेन, त्या किकेआधी डोळे दुसरीकडे ठेवणारा लिबोक आणि पावसात गोलपोस्टकडे शांतपणे बघणारा पोलार्ड, या दोघांनाही त्या त्या वेळी काय पुरेसं आहे हे कळत होतं. तुला दोघांचंही थोडं थोडं लागेल.

आता तुझ्या विल्किन्सनकडे येतो. २२ नोव्हेंबर २००३, सिडनी. ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड १७-१७, जादा वेळही संपत आलेला. जॉनी विल्किन्सनने उजव्या पायाने ड्रॉप गोल मारला आणि इंग्लंड विश्वविजेता झालं. त्याचा मूळचा पाय डावा, म्हणजे ही किक त्याच्या कच्च्या पायाची, आणि त्याच सामन्यातले त्याचे आधीचे ड्रॉप गोल हुकलेले होते. एवढं सगळ्यांना पाठ असतं. मी तुला त्याच्या आधीचं अर्धं मिनिट बघायला सांगतो. लाइनआउटमध्ये चेंडू शेवटच्या माणसाकडे, लुईस मूडीकडे फेकला गेला. माइक कॅट तो घेऊन बचावात घुसला. मग स्क्रम-हाफ मॅट डॉसनने फट बघून वीसेक मीटर मारले आणि तो खाली पडला. आता पास द्यायला स्क्रम-हाफच नाही! तेव्हा कप्तान मार्टिन जॉन्सनने चेंडू घेऊन आणखी एक साधी धडक मारली, ती केवळ डॉसनला उठून जागेवर यायला वेळ मिळावा म्हणून. आणि मगच चेंडू विल्किन्सनकडे आला. दहा नंबर पलीकडच्यासाठी वेळ मिळवतो, तसा बाकीचा संघ दहा नंबरसाठी वेळ मिळवतो. पुतळा उभारताना लोक फक्त किक मारणाऱ्याचा उभारतात.

विल्किन्सनबद्दल आणखी एक. तो फ्लँकरसारखा टॅकल करायचा. त्याआधी बहुतेक संघ दहा नंबरला बचावात कुठेतरी लपवून ठेवायचे आणि आमच्यासारखे फॉरवर्ड्स त्याच्याच अंगावर चेंडू घेऊन जायचे. तुझ्याही अंगावर येतील. टॅकल शिकून घे. ज्या दहा नंबरच्या जागेतून दर वेळी भगदाड पडतं, तिच्या हातात कितीही जादू असली तरी शेजारच्यांचा तिच्यावर विश्वास बसत नाही.

आजच्या खेळातली रचना तुझे प्रशिक्षक फळ्यावर दाखवतीलच. १-३-३-१ असं ते लिहितील. म्हणजे आठ फॉरवर्ड्सपैकी दोन्ही कडांना एकेक, आणि मध्ये तिघांचे दोन गट. स्क्रम-हाफचा चेंडू आधी त्या तिघांतल्या मधल्याकडे जातो, आणि दहा नंबर त्यांच्या पाठीमागे उभा असतो. मधल्याने चेंडू स्वतः घेऊन घुसायचं, शेजारच्याला द्यायचा, की पाठीमागे दहा नंबरकडे सारायचा? बचावपटूला तिन्ही शक्यता धरून चालावं लागतं. आयर्लंडचा जॉनी सेक्स्टन याच खेळाचा उस्ताद. तो पास द्यायचा, घेणाऱ्याच्या मागून वळसा घालून पुन्हा चेंडू मागायचा. एलाची जुनी सवयच म्हण, फक्त आता ती तालमीत बसवलेली.

पण रचना म्हणजे शैली नव्हे, हे विसरू नकोस. २०१८ मध्ये पॅरिसला आयर्लंड फ्रान्सच्या मागे होतं आणि वेळ संपत आली होती. त्यांनी सलग ४१ वेळा चेंडू आपल्याकडेच राखला. इतक्या वेळात एखादा हात निसटला, एखाद्या रकमध्ये पेनल्टी गेली, की संपलं. आणि त्या साऱ्या घासाघाशीच्या मधोमध सेक्स्टनने अचानक मैदानभर आडवी किक टाकून विंगर कीथ अर्ल्सला चेंडू दिला! ही चाल फळ्यावर लिहिलेली नसते. तिकडे कुणी नाही हे त्याला दिसलं, एवढंच. शेवटी त्यानेच लांबून ड्रॉप गोल मारला आणि आयर्लंड १५-१३ ने जिंकलं. हा सामना ज्या स्पर्धेतला होता, तिचे पाचही सामने जिंकून त्यांनी त्या वर्षी ती मारली. रचनेने तुला जागेवर पोचवावं. तिथे पोचल्यावर बघायचं तूच.

शैली घडते कशी, याचं उत्तम उदाहरण महिलांच्याच खेळातलं आहे. २०२१ च्या अखेरीस न्यूझीलंडच्या महिला युरोपात गेल्या आणि इंग्लंडकडून ४३-१२ व ५६-१५ अशा हरल्या, फ्रान्सकडूनही दोनदा हरल्या. इंग्लंडच्या फॉरवर्ड्सची ताकद आणि त्यांचा मॉल, म्हणजे चेंडूभोवती घट्ट घोळका करून पुढे रेटत जाणं, यांना उत्तर नव्हतं. २०२२ मध्ये वेन स्मिथकडे संघाची धुरा आली. हा माणूस स्वतः न्यूझीलंडचा जुना फ्लाय-हाफ. ताकदीला ताकदीने उत्तर द्यायच्या फंदात तो पडला नाही. चेंडू जितका जास्त वेळ हलता राहील, तितकी इंग्लंडची वजनदार फळी दमेल, हे त्याने धरलं आणि टॅकल होता होता चेंडू सोडणारा, रुंद पसरलेला, वेगवान खेळ बसवला. दहा नंबरला कप्तान होती रुआहेई डेमांट, जी शिक्षणाने वकील आहे. सहा-सात महिन्यांत ऑकलंडच्या ईडन पार्कवर विश्वचषकाचा अंतिम सामना आला. इंग्लंड सलग ३० सामने जिंकून आलेलं, पण त्यांची एक विंगर लाल कार्डावर लवकरच बाहेर गेली. तरीही त्यांच्या मॉलने ट्रायवर ट्राय मारले. न्यूझीलंडचा निर्णायक ट्राय आला तो मात्र एका छोट्या किकेतून. टेरेसा फिट्झपॅट्रिकने बचावाच्या मागे चेंडू टाकला, स्टेसी फ्लूलरने तो झेपावून घेतला आणि पडता पडता आयेशा लेटी-ईगाकडे दिला. ३४-३१. डेमांट त्या वर्षीची जगातली सर्वोत्तम खेळाडू ठरली.

इथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की ती किक दहा नंबरची नव्हती, बारा नंबरची होती. चांगल्या शैलीत डोळे एकाच खेळाडूकडे नसतात. न्यूझीलंडमध्ये बारा नंबरलाही दुसरा फ्लाय-हाफ मानायची जुनी परंपरा आहे. तुझ्या बारा आणि तेरा नंबरच्या मुलींशी मैत्री कर, त्यांना मैदानात सतत बोलायला लाव. तू चेंडूकडे बघत असताना समोर काय घडतंय ते त्यांना दिसतं. ज्या संघात बाहेरच्या मुली गप्प असतात, तिथे दहा नंबर आंधळी असते.

आणि आता तुझा फिन रसेल. तू पाठवलेला पास २०१८ च्या एडिंबरातल्या स्कॉटलंड-इंग्लंड सामन्याचा आहे. या दोन देशांच्या सामन्याला जो चषक मिळतो, तो मूळचा आपल्याकडचा. कोलकात्यातल्या इंग्रज-स्कॉटिश मंडळींनी १८७३ साली रग्बीचा क्लब काढला. पाच वर्षांत तो बंद पडायची वेळ आली, तेव्हा बँकेतले चांदीचे रुपये काढून, वितळवून त्यांनी चषक घडवला. त्याच्या मुठी नागाच्या आकाराच्या आणि झाकणावर हत्ती. १८७९ पासून कलकत्ता कपसाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड झुंजतात. स्कॉटलंडने त्या २०१८ च्या सामन्याआधी दहा वर्षं तो हातात धरला नव्हता.

रसेलने इंग्लंडच्या जोनाथन जोसेफच्या डोक्यावरून, थेट ह्यू जोन्सकडे तो लांबलचक पास फेकला. जोसेफची बोटं चेंडूला लागली असती तर इंग्लंडचा सरळ ट्राय होता. लोक त्याला जुगार म्हणतात. तू तो व्हिडिओ आवाज बंद करून पुन्हा बघ आणि या वेळी रसेलकडे बघूच नकोस, जोसेफकडे बघ. तो पुढे झेपावलेला आहे. फळीतून एक माणूस पुढे आला की त्याच्या मागे जागा पडते, आणि ती जागा रसेलने हेरली होती. धोका होता, पण आंधळा नव्हता. जोन्स मैदान कापत गेला, त्याच चालीच्या शेवटी स्कॉटलंडचा ट्राय झाला आणि सामना २५-१३ ने त्यांचा. पुढच्या वर्षी ट्विकनमला हेच स्कॉटलंड एका क्षणी ०-३१ ने मागे होतं, तिथून सामना ३८-३८ असा सुटला, आणि त्यात रसेलने इंग्लंडचाच पास मध्ये पकडून एक ट्राय केला. व्यावसायिक खेळाडू होण्याआधी हा मुलगा गवंड्याकडे दगड घडवायचं काम शिकत होता. पास चुकला तरी पुढचा पास तेवढ्याच धीटपणे देणं, हा त्याचा मोठा गुण. चुकीनंतर पाय मागे घेणारा दहा नंबर पाच मिनिटांत माझ्यासारख्या फ्लँकरच्या खिशात जातो.

तेव्हा ‘रसेल की विल्किन्सन’ या प्रश्नाला माझं उत्तर असं. दोघांचे पास आणि किका तू उचलू नकोस, ते त्यांच्या शरीराचे आहेत. दोघांची नजर उचल. विल्किन्सनने सरावाने स्वतःचा कच्चा पाय पक्का केला, म्हणून ऐन वेळी त्याला दोन बाजूंनी पर्याय राहिला. रसेलने हातांची भीती घालवली, म्हणून त्याला मैदानाची पूर्ण रुंदी वापरता येते. पर्याय जितके जास्त, तितकी समोरच्याची निर्णय घेण्याची पंचाईत जास्त.

सराव काय करशील? दोन्ही हातांनी पास, धावता धावता, घेणारीच्या पुढे पडेल असा. दोन्ही पायांनी किक, ओल्या चेंडूनेसुद्धा. पास दिल्यावर टॅकल खाऊन लगेच उठण्याची सवय. आणि संध्याकाळी एखादा सामना बघताना अर्धा तास फक्त बचावफळी बघ. ती कधी वर येते, कधी सरकते, कुणाचे खांदे कुठे वळतात. हा अभ्यास बहुतेक मुली करत नाहीत, कारण चेंडूवरून नजर काढणं जड जातं.

पहिल्या सामन्यानंतर लोक तुला विचारतील, किती गुण केलेस. उत्तर दे, पण त्याला फार महत्त्व देऊ नकोस. तू तुझ्या विंगरला विचार की तिला आज किती वेळा मोकळं मैदान मिळालं. तिचं उत्तर चांगलं असेल, तर तू चांगली दहा नंबर आहेस, मग गुणफलकावर तुझं नाव असो वा नसो.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग. तोंडात माउथगार्ड घातल्याशिवाय मैदानात उतरू नकोस.

तुझा,
मामा